चौथी थाप

१

ट्रॉलीवर बसलेल्या साहेबानं मागं वळून बघायचं नसतं. तसा काही कायदा नाही बरं का, पण रीत आहे. साहेब पुढं तोंड करून छत्रीखाली बसणार, हातात ब्रेकचा दांडा, नजर रुळावर, आणि ढकलणारी माणसं मागून रुळावरनं अनवाणी पळणार. साहेबाला रूळ दिसतो, माणसं दिसत नाहीत. मग सगळे तयार आहेत हे त्याला कळावं कसं? तर थापेनं. ढकलणाऱ्या प्रत्येकानं ट्रॉलीच्या मागच्या फळीवर आपला पंजा एकदा आपटायचा. जितकी माणसं, तितक्या थापा. सगळ्या पडल्या की साहेब ब्रेक सोडतो आणि म्हणतो, "चला." एक जरी कमी असली तरी म्हणायचं नाही, कारण कुणीतरी अजून खाली असतं. कुणी बोल्ट बघत असतं, कुणी चाकातला दगड काढत असतं.

ही रीत त्या लाइनीइतकीच जुनी. लाइन म्हणजे मेन लाइन नव्हे. श्रीरामपूरच्या पुढं तिच्यातून फुटून प्रवरेकडं उतरणारा एक फाटा. गोऱ्या साहेबांच्या कुठल्याशा लाइट रेल्वे कंपनीनं तो उसासाठी टाकला. ती कंपनी बुडाली, दुसरी आली, मग सरकार आलं, मग सरकारलाही तो फाटा नकोसा झाला आणि रुळांत नुसत्या वेड्या बाभळी माजल्या. आता पुन्हा एक कंपनी आली आहे. हिचं ऑफिस पुण्यात, हिची माणसं इंग्रजीत बोलतात आणि हिला इथं मालगाड्यांचं मोठं टर्मिनल करायचंय. होईल तेव्हा होईल! पाटी दर वेळी नवी, ट्रॉली मात्र पहिल्या कंपनीची, अस्सल सागवानी. तिच्या मागच्या फळीवर चार ठिकाणी लाकूड पंज्यांनी झिजून खोलगट झालंय, कारण पूर्वी ढकलायला चार माणसं असत. चौथा गडी लाल झेंडी घेऊन लांब जाऊन उभाही राहायचा. नव्या कंपनीनं तो चौथा गडी उडवला. तिघांत काम होतंय की, म्हणाली. तेव्हापासून चौथ्या खळग्यात धूळ साचलेली असायची.

तिघांतला म्होरक्या बन्सी, जुना, सरकारी लाइनीपासूनचा. दुसरा सुनील, तिशीतला, सदा तोंडात काहीतरी चघळणारा. आणि तिसरी हन्ना पाटोळे, साडीवर कंपनीचं केशरी जाकीट घातलेली. तिसरा आधी तिचा नवरा होता, आमोस.

आमोस नाताळ झाल्यावर प्रवरेच्या पुलावर गेला. ट्रॉलीवर बसणाऱ्या ढगेसाहेबांनी पुलाच्या मधोमध ट्रॉली थांबवून त्याला रुळांच्या स्लीपरांखाली उतरवलं, बोल्ट बघायला. तेवढ्यात मागच्या टेकडीत खोदलेल्या कटिंगमधनं खडीची गाडी भोंगा देत निघाली. ट्रॉली परत येईपर्यंत तिला थांबवून ठेवायचं ठरलेलं, पण कंपनीची खडी कुणासाठी थांबते? फळीवर दोन थापा पडल्या आणि साहेब म्हणाले, "चला." आमोस वर चढून आला तेव्हा ट्रॉली लांब गेली होती आणि मागं इंजिन होतं.

तो जागच्या जागी गेला नाही. दवाखान्यात नेताना टेम्पोत त्याचं डोकं हन्नाच्या मांडीवर होतं. देवाचं नाव घेईल असं तिला वाटलं, पण तो म्हणाला, "माझी थाप राहिली गं, हन्ना." तेवढंच.

चौकशी झाली. बिभीषण ढगे, बत्तीस वर्षं रेल्वेत काढून रिटायर झालेला आणि आता कंपनीत आलेला इंजिनियर माणूस, छातीवर हात ठेवून म्हणाला, "तीन थापा पडल्या. मी माझ्या कानांनी ऐकल्या. मग तो आपणहून उडी मारून उतरला. प्यायलेला असावा." बन्सीला विचारलं, तो म्हणाला, व्हय. सुनीलला विचारलं, त्यानंही मान हलवली. झालं! आमोसनं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं, दर रविवारी उपासनेला पुढं उभा राहून गाणं सांगायचा. त्याची पोर एंजल चौथीत. तिला शाळेत पोरं म्हणायला लागली, तुझा बाप पिऊन मेला.

कंपनीनं हन्नाला आमोसची जागा देऊ केली, तोंड बंद राहावं म्हणून. लोकांना वाटलं ही थुंकेल. ती गेली, लगेच गेली. वस्तीवरच्या बायका म्हणाल्या, काय बाई काळीज म्हणायचं हिचं! त्यांना काय ठाऊक. ट्रॉलीमागं पळताना ढगेसाहेबाची मान रोज हातभर अंतरावर असते, गोरी, जाडसर, कॉलरवर घडी पडलेली. हन्ना ती मान बघायला जायची. चर्चचे पाळक घरी येऊन म्हणाले, "बाई, क्षमा करा." ती म्हणाली, "करीन की. आधी त्यानं तोंड उघडू द्या. दोनच पडल्या हुत्या, असं चारचौघांत म्हनू द्या. तवर क्षमेचं नाव काढू नका माझ्यापशी."

२

पहिल्यांदा ते झालं तेव्हा एप्रिलचं ऊन होतं, टळटळीत दुपार. कटिंगच्या तोंडाशी ट्रॉली उभी होती. बन्सीनं थाप मारली, सुनीलनं मारली, हन्नानं मारली. साहेब म्हणाले, "चला." ब्रेक सुटला, ट्रॉली हलली आणि तेवढ्यात फळीवर आणखी एक थाप पडली.

पळताना बोलायला दम नसतोच. हन्नाला वाटलं, सुनील उगाच मस्करी करतोय. पण सुनीलचे दोन्ही हात फळीला टेकलेले होते. मग मनाशी म्हणाली, लाकूड आहे. शंभर-सव्वाशे वर्षांचं सागवान, उन्हात तडकणारच. घरचा पलंग नाही का उन्हाळ्यात रात्री-बेरात्री वाजत!

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजलं, सकाळी, ऊन चढायच्या आधी.

मग तिनं कटिंगला धरलं. दोन्हीकडं मुरमाची उभी भिंत, आवाज घुमणारच. जेवणाच्या सुट्टीत बन्सी आणि सुनील बाभळीखाली भाकरी सोडत होते तेव्हा ती ट्रॉलीपाशी गेली आणि फळीवर जोरात थाप मारली. भिंतीवरनं आवाज परत आला, गोल, भरलेला, तिच्याच थापेसारखा. तिनं परत मारली. परत तसाच आला. ती तिथंच उन्हात उभी राहिली.

कारण ती चौथी थाप भरलेली नव्हती. ती तुटकी होती, एका कडेला फाटलेली. आमोसच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी उसाच्या चरकात गेलेलं. तो टाळी वाजवायचा ती अशीच तुटकी वाजायची. चर्चमध्ये शंभर माणसं टाळ्या देत असली तरी बायकांच्या बाजूनं डोळे मिटून बसलेल्या हन्नाला त्याची टाळी वेगळी काढता यायची. लग्नाआधी तिनं त्याला तोंडानं नव्हे, टाळीनं ओळखला होता.

"काय करतीयास गं तितं?" बन्सीनं हाक मारली.

"काय न्हाई मामा. हात बसवतीया."

त्या रविवारी उपासनेत गाणं लागलं. टाळ्या सुरू झाल्या तशी तिनं सवयीनं कान टवकारले. पुरुषांच्या बाजूला नुसत्या धडधाकट टाळ्या होत्या. इथं नाही तो, तिच्या मनात आलं. तो कामावर आहे. मनात आलं आणि तिचं तिलाच भ्या वाटलं. ती एंजलचा हात घट्ट धरून गाणं संपेपर्यंत खाली बघत राहिली.

३

सोमवारी तिनं चौथा खळगा बघितला. बाकी सगळी फळी मुरमाच्या धुळीनं लाल झालेली, आणि त्या खळग्यात धूळ नव्हती. लाकूड चकचकीत, कुणी रोज हात टेकल्यासारखं.

"बन्सीमामा," ती म्हणाली, "ह्यो कुनी पुसला?"

बन्सीनं बघितलं न बघितल्यासारखं केलं. "वारा हाय. वाऱ्यानं उडती धूळ."

"बाकीच्या फळीवरची न्हाई उडत ती?"

"पोरी, तुला काय म्हनायचंय?"

"थाप ऐकली का तुमी? चौथी?"

म्हाताऱ्यानं खिशातनं तंबाखूची पिशवी काढली, चुना काढला, मळत बसला आणि मळलेली तंबाखू तोंडात न घालता तशीच खाली झटकून टाकली. "लाकूड हाय ते," तो म्हणाला. "उनानं तडकतं."

"तुमी तवा व्हय म्हनालात, मामा. चौकशीत."

"नातू हाय मला, हन्ना. घरात बसून खायची सोय न्हाई."

"मला लेक हाय. तिला शाळेत काय म्हनत्यात ठावं हाय का तुमाला?"

बन्सी उठून बाभळीपलीकडं गेला. सुनीलनं त्या दिवसापासून कानात वायरी घालून मोबाईलवर गाणी लावायला सुरुवात केली. गाणी इतकी मोठ्यानं की हन्नालाही पळताना ऐकू यायची. तरीही थापेच्या वेळेला तो दचकायचा. फळीला टेकलेले हात नव्हे, तळपाय दचकायचे त्याचे. थाप कानानं नाही, लाकडातनं हाताला कळते, वायरी काय करणार?

आणि मग एके दिवशी साहेब थांबले.

बन्सीची पडली, सुनीलची पडली, हन्नाची पडली. साहेबांनी "चला" म्हणायचं, पण ते म्हणेनात. मान ताठ, हात ब्रेकच्या दांड्यावर. कटिंगमध्ये एक साळुंकी ओरडत होती तेवढीच. मग तुटकी थाप पडली, आणि साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "चला."

हन्ना मागून बघत होती. कॉलरच्या वर घामाचा एक ओघळ आला आणि घडीत जिरला. ऐकू येतंय तर! ढगेसाहेबालाही ऐकू येतंय! तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की त्या दिवशी ती दोन माणसांच्या जोरानं पळाली. खोटं बोलणाऱ्याच्या खोट्याविरुद्ध आता रोज कुणीतरी हाताचा पुरावा देत होतं. मग तिनं सोडलं नाही. रोज सकाळी ट्रॉली रुळावर चढवली की लाडीगोडीनं विचारायची, "साहेब, मोजून घ्या हां. समद्यांच्या पडल्या का?"

साहेबांचं जेवण तुटलं, डोळ्यांखाली काळं आलं. एकदा त्यांनी बन्सीला बाजूला घेऊन सांगितलं, फळी बदलून टाका. सुतार आला, नवी फळी ठोकून गेला, गुळगुळीत, पिवळीधमक. संध्याकाळी तिच्यावर तिघांच्या हातांचे डाग पडले होते आणि चौथ्या ठिकाणी लाकूड झिजून खोलगट झालं होतं.

सुनील ते बघून ओकला. "वहिनी," तो म्हणाला, "तुमी काय केलंया का? कुनाकडं गेल्ता का?"

"मी?" हन्ना म्हणाली. "मी फकस्त कामावर येती, सुनील."

४

ढगेसाहेब आमोस गेल्यापासून पुलावर गेले नव्हते. पुलाच्या अलीकडं ट्रॉली थांबवायची, दुर्बिणीसारखे डोळे करून पलीकडं बघायचं आणि म्हणायचं, "ठीक आहे, वळवा." पण पुण्याची मोठी मंडळी यायची ठरली आणि फोन आला, पूल नजरेखालनं घाला. आता पळवाट राहिली नाही.

सकाळी निघताना साहेबांनी खडीच्या गाडीवाल्याला स्वतः सांगितलं. "आम्ही परत आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. कळलं?" तो म्हणाला, कळलं. मागच्या वेळीही तसंच म्हणाला होता. आणि लाल झेंडी घेऊन कटिंगपाशी उभा राहायला चौथा गडी होता कुठं?

उतारावर ट्रॉली आपसूक धावते. तिघंही वर चढून फळीला धरून उभी राहिली. हन्नाच्या डाव्या हाताला जागा रिकामी होती, तरी ती त्या बाजूला सरकली नाही. तिकडून उन्हात तापलेल्या अंगाचा वास येत होता, खोबरेल तेलाचा आणि मुरमाच्या धुळीचा. बाराला दहा कमी असतील. नदीत पाणी नव्हतं, नुसते गोटे चमकत होते.

पुलाच्या कडेला मध्ये मध्ये लोखंडी सज्जे आहेत, गाडी आली तर माणसानं तिथं सरकावं म्हणून. साहेबांनी एका सज्ज्यापाशी ट्रॉली थांबवली. हन्नानं खाली बघितलं. स्लीपरांच्या फटीतून खालचा खांब दिसत होता. हीच ती जागा. साहेबांनी मुद्दाम निवडली, की ट्रॉलीच तिथं थांबली, कोण जाणे.

साहेब उतरले नाहीत. बसल्या जागेवरून मापाची टेप लावायला सांगत होते, बन्सी लावत होता. काम उरकत आलं. हन्नानं पदर खोचला आणि पुढं जाऊन साहेबांच्या समोर रुळात उभी राहिली. इतक्या दिवसांत तिनं त्यांचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं. म्हातारं झालं होतं.

"साहेब, एक इचारायचं हुतं. त्या दिवशी हितं किती थापा पडल्या?"

"बाई, काम करा."

"किती पडल्या तेवढं सांगा. मला दुसरं काय नको. नोकरी नको, काय नको. माझ्या मानसाचं नाव मोकळं करा."

"पोरी, आता बास," बन्सी मागून म्हणाला.

"तुमी गप बसा मामा! तवा गप बसला न्हाईत, आता बसा!"

साहेबांनी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे, कारण त्याच वेळेला कटिंगमध्ये भोंगा वाजला.

५

सगळ्यांना कळलं. उतारावर भरलेली खडी आहे. ड्रायव्हरनं कितीही ब्रेक मारले तरी पुलावर आल्याशिवाय ती गाडी थांबत नाही. पलीकडचा काठ जवळ होता, ट्रॉली ढकलली तर सुटण्याइतका जवळ.

"धरा, धरा!" बन्सी ओरडला. तिघं फळीकडं धावली. बन्सीची थाप पडली. सुनीलची पडली. हन्नाची पडली. तिघांनी जोर लावला.

ट्रॉली हलेना. साहेबांनी ब्रेक दोन्ही हातांनी ओढून धरला होता.

"साहेब, ब्रेक सोडा!"

"अजून एक राहिलीये," साहेब म्हणाले.

त्यांचा आवाज शांत होता. ते पुढं बघत होते, पलीकडच्या काठाकडं. कटिंगच्या तोंडाशी इंजिनाचं पिवळं डोकं दिसायला लागलं आणि चाकं रुळावर किंचाळायला लागली. सुनीलनं साहेबांच्या दंडाला धरून ओढलं. साहेबांनी पाय सीटच्या गजात अडकवले होते, हात दांड्यावरनं निघेनात. ट्रॉली उचलून सज्ज्यात ठेवावी तर साहेबांसकट ती तिघांना उचलायची नाही. सुनील एकदा कटिंगकडं बघून सज्ज्यात पळाला. बन्सी म्हातारा, तोही हात जोडत मागं सरकला.

"हन्ना, पळ! पळ गं पोरी!"

हन्ना पळाली नाही. ती साहेबांच्या मागं उभी होती आणि रोजच्यासारखी ती मान तिच्यापुढं होती.

"हन्नाबाई," साहेब मागं न बघता म्हणाले, "त्या दिवशी दोनच पडल्या होत्या. मोजल्या होत्या मी. दोनच. तो खाली आहे हे मला माहीत होतं, तरी म्हणालो चला. प्यायलेला नव्हता तो. आज नाही म्हणणार. आज त्याची पडल्याशिवाय नाही म्हणणार."

"व्हय पोरी," सज्ज्यातून बन्सी रडत ओरडला. "दोनच! दोनच पडल्या हुत्या!"

ऐकलं तिनं. याच्यासाठीच ती इतके दिवस पळाली होती, तळपाय भाजून घेतले होते, रात्र रात्र दात चावत पडली होती. वाटलं होतं, हे ऐकलं की काळजाला थंडावा मिळेल, मग पडू दे ह्याचं काय पडायचं ते. थंडावा मिळाला. पण पुढची मान नुसती एका भ्यालेल्या म्हाताऱ्याची मान होती, आणि तिला त्याची कीव आली. पाळकांना दिलेला शब्द आठवला. तोंड उघडलं होतं त्यानं, चारचौघांत उघडलं होतं.

आणि उपाय तिच्या हातात होता. आमोसची थाप जगात दुसऱ्या कुणाला मारता आली असती तर ती तिला. तिनं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आत दुमडून घेतलं. एंजलला हसवायला ती कितीदा अशी बापाची टाळी वाजवून दाखवायची! तिनं हात वर उचलला, चौथ्या खळग्यावर नेम धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खाली आणला.

आवाज झाला नाही.

तिचा पंजा फळीवर पडलाच नाही. मध्ये हात होता. उन्हात तापलेली, केसाळ, ओळखीची हाताची पाठ, शिरा वर आलेल्या. करंगळीशेजारी बोटाच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा होता. तिनं खाली बघितलं नाही. तिला बघायची गरज नव्हती.

"आवो, सोडा त्यास्नी," ती पुटपुटली. "बोलला की त्यो. सोडा आता."

तो हात तिच्या हाताखाली हळूच उलटला. त्यानं तिचा पंजा धरला, दुमडलेलं बोट सरळ केलं, आणि लग्नाच्या दिवशी गर्दीतनं बाजूला नेलं होतं तसं तिला एकाच हिसड्यात सज्ज्याकडं सारलं. बन्सीनं तिचा पदर धरून आत ओढली. हात मग परत फळीवर गेला असावा. तिथं टेकून राहिला असावा, न वाजता.

पूल थरथरत होता. इंजिनाची सावली स्लीपरांवर आली. छत्रीखाली ढगेसाहेब पुढं तोंड करून बसले होते, ब्रेक घट्ट धरून, पोरानं शाळेत बसावं तसे ताठ.

"बाई," त्यांनी मागं न वळता विचारलं, "पडली का?"

हन्नाला खोटं बोलता आलं असतं. पडली म्हटलं असतं तर त्यांनी ब्रेक सोडून सज्ज्यात उडी घेतली असती, वेळ होता अजून. आमोसनं सरळ केलेल्या त्या बोटाकडं तिनं बघितलं, मग फळीकडं.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "अजून न्हाई."